सायमन (१९९४) : पहिल्या स्पर्शपटल-स्मार्टफोनची गुणवैशिष्ट्ये, उणिवा आणि इतिहासलेखनातील स्थान

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास आपल्या अभ्यासक्रमांत बहुधा शोधांच्या यादीच्या स्वरूपात येतो. अमुक यंत्र अमुक साली अमुक व्यक्तीने तयार केले, एवढी नोंद झाली की विषय संपला असे मानले जाते. या यादीत प्रवेश मिळतो तो प्रामुख्याने यशस्वी ठरलेल्या यंत्रांना. जी यंत्रे बाजारात टिकली नाहीत, त्यांचा उल्लेख झालाच तर तो कुतूहलाचा विषय म्हणून होतो. वस्तुतः एखादे यंत्र का टिकले नाही, या प्रश्नाच्या उत्तरातून त्या काळाची आर्थिक, औद्योगिक आणि सामाजिक स्थिती जितकी स्पष्ट होते, तितकी ती यशस्वी यंत्राच्या गौरवगाथेतून होत नाही.

भ्रमणध्वनीच्या इतिहासातील टप्पे सांगताना सामान्यतः मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी हाती धरता येणाऱ्या यंत्रावरून केलेले संभाषण, १९८३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली व्यापारी सेवा आणि २००७ मधील आयफोनचे आगमन यांचा निर्देश केला जातो. भारतापुरते बोलायचे तर ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी साधलेला संवाद हा आरंभबिंदू मानला जातो. या मालिकेत १९९४ हे साल सहसा आढळत नाही. तथापि १६ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेत ‘सायमन पर्सनल कम्युनिकेटर’ नावाचे एक उपकरण विक्रीस आले. त्यात दूरध्वनी होता, संगणक होता, आणि त्या दोहोंचा वापर काचेच्या पटलाला स्पर्श करून करता येत होता. सुमारे सहा महिन्यांत ते बाजारातून नाहीसे झाले.

प्रस्तुत लेखात या उपकरणाची पार्श्वभूमी, त्याची गुणवैशिष्ट्ये आणि त्याच्या उणिवा यांचा परामर्श घेतला आहे. त्याचबरोबर उणिवा होत्या म्हणून ते अयशस्वी झाले, हे सर्वमान्य स्पष्टीकरण कितपत पुरेसे आहे, याची तपासणी करण्याचाही प्रयत्न केला आहे. लेखाची मांडणी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीने केली असून ती उपलब्ध द्वितीयक साधनांवर आधारलेली आहे.

१. तीन स्वतंत्र प्रवाह

सायमनची निर्मिती ही तीन भिन्न प्रवाहांच्या संगमातून झाली. हे तिन्ही प्रवाह परस्परांपासून स्वतंत्रपणे विकसित झाले होते, ही बाब प्रथमच लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिला प्रवाह भ्रमणध्वनीचा होय. मोटोरोलाचा डायनाटॅक ८०००एक्स हा हाती धरावयाचा फोन १९८३ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिकागो येथे ‘अ‍ॅम्प्स’ या सदृश तंत्रावर आधारित सेवेस प्रारंभ झाला. या सेवेची रचना केवळ मानवी आवाज वाहून नेण्यासाठी करण्यात आली होती. आकडे, अक्षरे अथवा चित्रे यांच्या वहनाचा विचार तिच्यात मुळात नव्हता. पुढे सायमनच्या वाट्याला आलेल्या अनेक अडचणींचे मूळ येथे आहे.

दुसरा प्रवाह हातात मावणाऱ्या संगणकाचा. १९८०च्या दशकात वैयक्तिक संगणक कार्यालयांत रुजला आणि त्यापाठोपाठ पत्ते, भेटींच्या वेळा, टिपणे यांची नोंद ठेवणारी छोटी विद्युत-उपकरणे आली. अ‍ॅपल कंपनीचे न्यूटन मेसेजपॅड ऑगस्ट १९९३ मध्ये विक्रीस आले. लेखणीने लिहिलेली अक्षरे ओळखण्याचा त्याचा दावा त्या काळी फार गाजला; परंतु त्यावरून कोणाशी दूरध्वनीवर बोलता येत नव्हते.

तिसरा प्रवाह स्पर्शपटलाचा म्हणजे टचस्क्रीनचा. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पटलाची कल्पना मांडली. विमान वाहतूक नियंत्रणासारख्या कामासाठी ती होती. १९७०च्या दशकात अमेरिकेत सॅम हर्स्ट यांनी दाबावर चालणाऱ्या पटलाचा विकास केला, तर जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत बेंट स्टुंप यांनी कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी स्पर्शपटल तयार केले. १९८३ मध्ये ह्युलेट-पॅकार्डने एचपी-१५० हा स्पर्शपटल असलेला संगणक बाजारात आणला. म्हणजे सायमनच्या जन्माच्या वेळी स्पर्शाचे तंत्र जवळपास तीन दशके जुने होते. ते सामान्य ग्राहकाच्या खिशापर्यंत मात्र पोहोचले नव्हते.

२. सायमनची निर्मिती

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील बोका रॅटन हे गाव आयबीएम कंपनीच्या वैयक्तिक संगणकाचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. तेथेच कार्यरत असलेले अभियंता फ्रँक कॅनोव्हा यांनी संगणकाचे भाग इतके लहान झाले आहेत की ते दूरध्वनीत बसविता येतील, हा विचार मूर्त रूपात आणला. त्यांच्या गटाने तयार केलेला नमुना नोव्हेंबर १९९२ मध्ये लास व्हेगास येथील कॉमडेक्स या संगणक प्रदर्शनात मांडण्यात आला. या नमुन्याचे सांकेतिक नाव ‘स्वीटस्पॉट’ असे होते. प्रदर्शनातील प्रतिसादामुळे त्याचे रूपांतर विक्रीयोग्य वस्तूत करण्याचा निर्णय झाला.

या निर्णयानंतर तीन कंपन्यांमध्ये कामाची विभागणी झाली. संकल्पना आणि सॉफ्टवेअर आयबीएमचे, उत्पादन जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकचे आणि विक्री व दूरध्वनी सेवा बेलसाउथ या अमेरिकेच्या आग्नेय भागातील कंपनीची. नोव्हेंबर १९९३ मध्ये उपकरणाची जाहीर घोषणा झाली. मे १९९४ मध्ये विक्री सुरू करण्याचा मानस होता. परंतु सॉफ्टवेअरमधील दोषांमुळे तो मुहूर्त टळला आणि प्रत्यक्ष विक्री ऑगस्टमध्ये सुरू झाली.

उपकरणाला ‘स्मार्टफोन’ असे त्या वेळी कोणीही म्हटले नव्हते. त्याचे अधिकृत वर्णन ‘पर्सनल कम्युनिकेटर’ असे होते. ‘पहिला स्मार्टफोन’ ही पदवी त्याला नंतरच्या काळाने बहाल केली आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने ही कालविसंगती ध्यानात ठेवणे इष्ट होय. कारण आपण ज्या कसोट्यांवर सायमनला जोखतो, त्या कसोट्या त्याच्या निर्मात्यांच्या आणि ग्राहकांच्या नव्हत्या. त्या काळच्या ग्राहकाच्या दृष्टीने सायमन हा दूरध्वनी, फॅक्स, पेजर आणि दैनंदिनी यांचे ओझे एकत्र करणारा सोबती होता.

३. रचना व गुणवैशिष्ट्ये

सायमनचे पटल एकरंगी होते. त्यावर आडवे १६० आणि उभे २९३ असे एकूण ४६,८८० बिंदू होते. आत १६ मेगाहर्ट्झ गतीचा, वैयक्तिक संगणकाच्या जातकुळीतील प्रक्रियक, एक मेगाबाइट कार्यस्मृती आणि माहिती साठविण्यासाठी एक मेगाबाइट जागा होती. डॉसच्या जातीची मूळ कार्यप्रणाली आणि तिच्यावर ‘नेव्हिगेटर’ हा दृश्य स्तर अशी सॉफ्टवेअरची मांडणी होती. वापरणाऱ्यास डॉसच्या आज्ञा टंकित कराव्या लागत नसत. त्याच्यासमोर चित्रचिन्हे येत. हव्या त्या चिन्हावर बोट ठेवले की ते काम सुरू होई. आज हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील नवेपण सहज जाणवत नाही.

सायमनची महत्त्वाची गुणवैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) बटणांऐवजी पटल : दूरध्वनी क्रमांक फिरविण्यासाठी खरी बटणे नव्हती. पटलावर आकड्यांचे चित्र उमटे व त्यावर बोटाने दाबावे लागे. पत्त्यांच्या वहीतील नावावर स्पर्श करून थेट फोन लावता येई. दूरध्वनीचे काम संपताच तीच जागा दिनदर्शिका, गणकयंत्र किंवा टिपणवही यांना मिळे. एकाच पृष्ठभागाने प्रसंगानुसार निरनिराळ्या यंत्रांचे रूप घ्यावे, हा सायमनचा खरा शोध म्हणावा लागेल.

(आ) अक्षरांचा अंदाज बांधणारा कळफलक : पटलावर नेहमीच्या टंकलेखन यंत्रासारखा कळफलक आणता येई. त्याशिवाय ‘प्रेडिक्टाकी’ नावाची आणखी एक सोय होती. आधी टंकित केलेल्या अक्षरांवरून पुढे कोणते अक्षर येण्याची शक्यता अधिक आहे याचा अंदाज यंत्र बांधी व तीच मोजकी अक्षरे मोठ्या आकारात समोर ठेवी. अरुंद पटल आणि जाड बोट यांतील विरोधावर शोधलेला हा उपाय होता. आजच्या फोनमधील शब्द सुचविण्याच्या पद्धतीचे ते पूर्वरूप मानता येईल.

(इ) लेखणी : बारीक कामासाठी उपकरणासोबत लेखणी दिलेली असे. आलेल्या फॅक्सवर किंवा टिपणावर हाताने लिहून तो मजकूर पुढे पाठविता येई. अक्षरे ओळखण्याचा आग्रह सायमनने धरला नाही. हस्ताक्षर चित्र म्हणूनच राहू दिले. न्यूटनची जी थट्टा अक्षरे चुकीची ओळखल्यामुळे झाली, तीतून सायमन या विवेकामुळे वाचला.

(ई) फॅक्स व ई-मेल : प्रति सेकंद ९,६०० बिट गतीने फॅक्स पाठविणे व घेणे शक्य होते. अंतर्गत मोडेमच्या साहाय्याने कार्यालयाच्या ई-मेल व्यवस्थेशी जोडणी करता येई. चालत्या वाहनातून फॅक्सला उत्तर देणे ही १९९४ मधील व्यावसायिकास अप्रूप वाटावी अशी गोष्ट होती.

(उ) विस्ताराची सोय : बाजूच्या खाचेत पीसीएमसीआयए जातीचे कार्ड बसवून नवीन कार्यक्रम किंवा अधिक स्मृती जोडता येई. यंत्र विकल्यानंतरही त्याची क्षमता वाढू शकते, ही दृष्टी त्यात होती.

४. उणिवा

सायमनच्या उणिवांची यादी अनेक ठिकाणी एका दमात दिली जाते. त्या सर्व एकाच प्रकारच्या नव्हत्या. त्यांचे मूळ कोठे होते, यानुसार त्यांचे वर्गीकरण केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते.

(अ) पदार्थविज्ञानाची मर्यादा

सर्वांत मोठी अडचण बॅटरीची होती. सायमनमध्ये निकेल-कॅडमियम बॅटरी होती. तिच्यावर सुमारे एक तास बोलता येई आणि नुसते चालू ठेवल्यास आठ ते बारा तास निघत. सदृश पद्धतीच्या सेवेत संभाषण चालू असेपर्यंत प्रक्षेपक अखंड सुरू राहतो. त्यात पटल व संगणकाची भर पडल्यावर विजेचा खर्च आवाक्याबाहेर जाणे अपरिहार्य होते. दिवसभराच्या भेटींची नोंद ज्या यंत्रात ठेवायची तेच यंत्र दुपारपर्यंत मान टाकणार असेल, तर त्यावर विसंबणे कठीण होय. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्येच बाजारात आणली होती, परंतु ती स्वस्त व सार्वत्रिक होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. या बॅटरीच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खिशातल्या फोनचा इतिहास हा निम्मा रसायनशास्त्राचा इतिहास आहे, याची साक्ष सायमनच्या बॅटरीत मिळते.

वजन व आकार हे याच अडचणीचे दुसरे रूप. सायमनची लांबी सुमारे २० सेंटिमीटर, रुंदी ६.४ सेंटिमीटर आणि जाडी ३.८ सेंटिमीटर होती. वजन सुमारे ५१० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे अधिक. सदऱ्याच्या खिशात ते मावणे शक्य नव्हते.

(आ) पटलाची मर्यादा

सायमनचे पटल दाबावर चालणारे होते. अशा पटलात विद्युतवाहक लेप दिलेले दोन थर किंचित अंतरावर असतात. दाब दिला की ते एकमेकांस टेकतात आणि त्या ठिकाणच्या विद्युतदाबावरून स्पर्शबिंदूचे स्थान कळते. ही पद्धत स्वस्त होती आणि बोट, नख किंवा लेखणी यांपैकी कशानेही चालत असे. परंतु तिला हलका स्पर्श पुरत नसे, एका वेळी एकाच बिंदूची नोंद होई आणि वरच्या थरामुळे चित्राची स्पष्टता कमी होई. दोन बोटांनी चित्र लहान-मोठे करण्यासारखी हालचाल अशा पटलावर शक्य नव्हती.

(इ) जाळ्याची मर्यादा

सायमनला ज्या जाळ्यावर काम करावे लागले ते केवळ आवाजासाठी होते, हे वर सांगितलेच आहे. माहिती पाठविण्यासाठी मोडेमद्वारे दूरध्वनी लावूनच जोडणी करावी लागे. मोडेमची गती प्रति सेकंद २,४०० बिट, म्हणजे साधारणतः २४० अक्षरे इतकी होती. दोन हजार अक्षरांचे एक पत्र आठ-नऊ सेकंदांत जाई. ते पुरेसे होते. परंतु १०० किलोबाइटचे एखादे चित्र आणायचे झाल्यास सात मिनिटे लागली असती आणि तेवढा वेळ दूरध्वनीचे मिनिटागणिक शुल्क चालू राहिले असते. ज्या वर्षी वर्ल्ड वाइड वेब सामान्य संगणकधारकांपर्यंत पोहोचू लागले, त्याच वर्षी आलेल्या या उपकरणात वेबपृष्ठे पाहण्याची सोय नव्हती. युरोपातील जीएसएम सेवेत १९९२ च्या डिसेंबरमध्ये पहिला लघुसंदेश पाठविला गेला होता. अमेरिकेच्या सदृश सेवेत तीही सोय नव्हती. शिवाय अशा सेवेतील संभाषण साध्या रेडिओ-ग्राहकावरही चोरून ऐकता येई. व्यावसायिकांसाठी बनविलेल्या उपकरणाच्या दृष्टीने ही गंभीर बाब होती.

(ई) सॉफ्टवेअरचा दुष्काळ

विस्ताराची खाच होती, पण तीत घालण्यासारखे फारसे काही नव्हते. इतर उत्पादकांनी सायमनसाठी तयार केलेला ‘डिस्पॅचइट’ हा एकच कार्यक्रम बाजारात आला. त्याच्या मुख्य संगणकावरील भागाची किंमत २,९९९ डॉलर आणि प्रत्येक सायमनमागे २९९ डॉलर अशी होती. ही किंमत एखाद्या मोठ्या संस्थेलाच परवडणारी होती. ग्राहक थोडे म्हणून कार्यक्रम लिहिणारे नाहीत, आणि कार्यक्रम नाहीत म्हणून ग्राहक वाढत नाहीत, असे हे दुष्टचक्र होते.

(उ) किंमत व व्याप्ती

सायमनची आरंभीची किंमत दोन वर्षांच्या सेवा-करारासह ८९९ डॉलर आणि कराराविना १,०९९ डॉलर होती. त्या काळच्या विनिमय दराने ८९९ डॉलर म्हणजे सुमारे २८ हजार रुपये होत. पुढे करारासह किंमत ५९९ डॉलरपर्यंत उतरविण्यात आली. विक्री बेलसाउथच्या सेवाक्षेत्रातील १५ राज्यांपुरतीच होती. देशभर प्रवास करणारा व्यावसायिक हाच ज्याचा अपेक्षित ग्राहक, ते उपकरण देशभर विकलेच गेले नाही.

५. अल्पायुष्य आणि त्याची कारणे

फेब्रुवारी १९९५ च्या सुमारास सायमनची विक्री थांबली. तोपर्यंत सुमारे ५० हजार नग विकले गेले होते. अर्धवट देशातील सहा महिन्यांच्या विक्रीचा विचार करता हा आकडा अगदीच नगण्य म्हणता येणार नाही. मग सायमनची पुढील आवृत्ती का आली नाही?

याचे उत्तर उपकरणाबाहेर शोधावे लागते. १९९३ हे वर्ष आयबीएमच्या इतिहासातील अत्यंत कठीण वर्ष होते. त्या वर्षी कंपनीस आठ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. एप्रिल १९९३ मध्ये लुई गर्स्टनर यांनी सूत्रे हाती घेतल्यानंतर खर्चकपात आणि पुनर्रचनेचे पर्व सुरू झाले. अशा काळात भविष्यात कधीतरी फळणाऱ्या प्रयोगाला पाठबळ मिळणे दुरापास्त होते. सायमनच्या अधिक सुटसुटीत अशा पुढील आवृत्तीचे काम बाजारात येण्यापूर्वीच थांबले. कॅनोव्हा पुढे पाम कंपनीत गेले.

दुसरे कारण बाजाराच्या दिशेचे आहे. जानेवारी १९९६ मध्ये मोटोरोलाचा स्टारटॅक हा घडी होणारा फोन आला. त्याचे वजन केवळ ८८ ग्रॅम होते. ग्राहकांची मागणी लहान, हलक्या आणि बोलण्यापुरत्या फोनची होती. ज्यांना माहितीही हवी होती त्यांच्यासाठी नोकियाने १९९६ मध्ये ९००० कम्युनिकेटर आणला. त्यात स्पर्शपटल नव्हते, उघडल्यावर दिसणारा खरा कळफलक होता. पुढे ब्लॅकबेरीनेही कळफलकाचीच कास धरली. स्पर्शाची परंपरा १९९६ च्या पाम पायलटने जतन केली. पण ते उपकरण दूरध्वनी नव्हते. २००० साली आलेला एरिक्सन आर३८० आणि त्यानंतरचे काही मोजके फोन वगळता स्पर्श व संभाषण यांची सांगड घालणारा प्रवाह एक दशकभर क्षीण राहिला.

६. आयफोनशी तुलना

सायमनचे अपयश त्याच्या उणिवांमुळे ओढवले असे म्हणताना एक अडचण उभी राहते. २९ जून २००७ रोजी विक्रीस आलेल्या पहिल्या आयफोनमध्येही उणिवांची कमतरता नव्हती. तिसऱ्या पिढीच्या जाळ्याची जोडणी त्यात नव्हती. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटविण्याची साधी सोय २००९ पर्यंत आली नाही. बाहेरच्या उत्पादकांचे कार्यक्रम त्यात थेट बसविता येत नसत. त्यासाठी जुलै २००८ मधील अ‍ॅप स्टोअरपर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे विस्ताराच्या बाबतीत १९९४ चा सायमन २००७ च्या आयफोनपेक्षा तत्त्वतः अधिक मोकळा होता. किंमतही ४९९ व ५९९ डॉलर, आणि विक्री एकाच सेवाकंपनीशी बांधलेली. असे असूनही पहिल्या ७४ दिवसांत दहा लाख नग विकले गेले.

हा फरक उणिवांच्या संख्येतून उलगडत नाही. तो उणिवांच्या स्वरूपातून उलगडतो. आयफोनच्या उणिवा बहुतांशी अशा होत्या की त्या नव्या सॉफ्टवेअरने अथवा पुढील आवृत्तीने दूर होऊ शकत होत्या. सायमनच्या उणिवा मात्र बॅटरी, जाळे आणि पटल या पायाभूत गोष्टींतील होत्या व त्या दूर करणे कोणत्याही एका कंपनीच्या हाती नव्हते. मधल्या १३ वर्षांत वजन ५१० ग्रॅमवरून १३५ ग्रॅमवर आले, बिंदूंची संख्या ४६,८८० वरून १,५३,६०० झाली, आणि दाबाऐवजी बोटातील विद्युतधारितेची नोंद घेणारे काचेचे पटल उपलब्ध झाले. या बदलांमागे बॅटरी, पटल आणि कमी विजेवर चालणारे प्रक्रियक यांवर काम करणाऱ्या असंख्य अनामिकांचे श्रम आहेत. पहिल्या आणि यशस्वी यंत्रांच्या यादीत या श्रमांना स्थान मिळत नाही.

या संदर्भात एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. सायमन विकणाऱ्या बेलसाउथने २००० साली आपला भ्रमणध्वनी व्यवसाय एसबीसी कंपनीच्या व्यवसायाशी जोडून सिंग्युलर ही कंपनी स्थापन केली. जानेवारी २००७ मध्ये आयफोनची घोषणा झाली ती याच सिंग्युलरच्या सेवेसह. त्याच्या काही दिवस आधी, डिसेंबर २००६ मध्ये, बेलसाउथ ही एटी अँड टी कंपनीत विलीन झाली होती. म्हणजे पहिला आयफोन ज्या सेवेवर चालला, तिच्या वंशावळीत सायमनची सेवाही होती. तंत्रज्ञानाच्या इतिहासात सातत्य पुष्कळदा यंत्रापेक्षा संस्थांमध्ये असते, हे यावरून दिसते.

७. भारतीय संदर्भ

सायमन भारतात विकला गेला नाही आणि आणला असता तरी तो येथे निरुपयोगी ठरला असता. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर १९९५ पासून मुंबईसह महानगरांत जी सेवा सुरू झाली, ती अमेरिकेच्या सदृश पद्धतीची नव्हती. तिने जीएसएम ही अंकीय पद्धती स्वीकारली होती. उशिरा आरंभ केल्याने जुन्या जाळ्याचे ओझे भारतावर पडले नाही. मात्र येणाऱ्या फोनसाठीही पैसे मोजावे लागत असल्याने फोन हे दीर्घकाळ चैनीचेच साधन राहिले. २००३ मध्ये हा आकार बंद झाल्यावर प्रसारास गती आली.

सायमनच्या मूळ कल्पनेचे महत्त्व भारतीय भाषांच्या दृष्टीने अधिक आहे. बारा बटणांच्या फोनवर देवनागरीतील स्वर, व्यंजने, मात्रा व जोडाक्षरे बसविणे हे जिकिरीचे काम होते. बटणावर कोरलेले अक्षर बदलता येत नाही. पटलावर चितारलेले अक्षर बदलता येते. जो पृष्ठभाग क्षणात आकड्यांचा आणि क्षणात अक्षरांचा होतो, तो देवनागरीचाही होऊ शकतो. बंगळूर येथे भारतीय विज्ञान संस्थेतील अध्यापक व अभियंते यांच्या पुढाकाराने विकसित झालेला आणि २००४ मध्ये बाजारात आलेला सिंप्युटर हा हाती धरावयाचा संगणक याच जाणिवेतून स्पर्शपटलाकडे वळला होता. त्यालाही व्यापारी यश लाभले नाही. मराठी माणसाच्या हातात मराठी कळफलक आला तो स्वस्त स्पर्शपटल फोन सर्वत्र पोहोचल्यानंतर. अमेरिकन व्यावसायिकाची सोय म्हणून निघालेल्या कल्पनेचा लाभ असा तिच्या निर्मात्यांच्या ध्यानीमनी नसलेल्या भाषांना झाला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. स्पर्शपटल, दूरध्वनी आणि संगणक यांचा एकत्रित व विक्रीयोग्य आविष्कार म्हणून सायमनचे स्थान निर्विवाद आहे. तथापि ‘स्मार्टफोन’ ही संज्ञा त्यास पश्चात लावलेली आहे.

२. प्रसंगानुसार रूप बदलणारा पृष्ठभाग, अक्षरांचा अंदाज बांधणारा कळफलक आणि नंतर भर घालता येणारे सॉफ्टवेअर ही त्याची गुणवैशिष्ट्ये पुढील काळात सार्वत्रिक झाली.

३. त्याच्या प्रमुख उणिवा संकल्पनेच्या नव्हत्या. बॅटरी, जाळे व पटल या बाह्य घटकांच्या तत्कालीन अवस्थेतून त्या उद्भवल्या होत्या.

४. त्याचा शेवट केवळ ग्राहकांनी केलेला नाही. आयबीएममधील आर्थिक संकट व पुनर्रचना यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

५. तंत्रज्ञानाचा इतिहास शिकविताना ‘पहिले कोण’ या प्रश्नाइतकेच ‘कोणत्या परिस्थितीत टिकले वा टिकले नाही’ या प्रश्नास महत्त्व देणे आवश्यक आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमने माहितीयुगावरील नवे दालन खुले केले, तेव्हा त्यात सायमनला जागा देण्यात आली. विक्री थांबल्यानंतर जवळपास वीस वर्षांनी मिळालेली ही मान्यता होय. वर्गातील इतिहासानेही अशा अल्पायुषी यंत्रांसाठी थोडी जागा राखली, तर विद्यार्थ्याला यशाच्या तारखांबरोबर यशाची किंमतही समजेल.